नाताळची सुट्टी आणि घरच्या चॉकलेट फजच्या वड्या

परवा शाळेला नाताळची सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी सकाळी, अजून माझा चहासुद्धा व्हायचा होता, लेक किचनमध्ये येऊन उभी. आई फज कधी करायचं? म्हटलं अगं आधी दात तर घास. पण तिचंही बरोबर आहे, दिवाळीत जसा माळ्यावरून चकलीचा सोऱ्या निघतो तसा आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठ इंची चौकोनी टिन निघतोच. गेली सहा वर्षं निघतोय. आधी फक्त घरापुरतं करायचे, मग वरच्या मजल्यावरच्या गोव्याच्या आंटींना डबा जायला लागला कारण त्यांच्याकडून नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोलचं भरलेलं ताट यायचं आणि आमच्या घरात ताट रिकामं परत द्यायची पद्धत नाही, मग नणंद, मग ऑफिस, आता दोन टिन लागतात.

दरवर्षी कोणीतरी रेसिपी विचारतं आणि मी फोनवर घाईघाईत सांगते, मग त्यांचं काहीतरी चुकतं आणि मला वाईट वाटतं, म्हणून या वेळी सगळं नीट लिहूनच काढतेय. लांब होईल, पण वाचा.

आधी सोपं फज, जे मी मुलांना घेऊन करते. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, पाचदहा ग्रॅम इकडेतिकडे चालतं. तेवढंच डार्क चॉकलेट, ४०० ग्रॅम. ४० ग्रॅम बटर, मोठे दोन चमचे व्हॅनिला नाही हां, छोटा एक चमचा व्हॅनिला, पाव छोटा चमचा मीठ आणि शंभरेक ग्रॅम अक्रोड. झालं सामान. टिनला आतून बटरचा हात फिरवायचा आणि बटर पेपर असा लावायचा की दोन बाजूंनी बाहेर लोंबेल, म्हणजे नंतर अख्खी लादी कान धरून उचलता येते. चॉकलेट सुरीने बारीक चिरून घ्यायचं, मोडून मोठे तुकडे टाकू नका, कारण मोठा तुकडा वितळेपर्यंत बाकीचं जास्त तापतं.

जाड बुडाच्या पातेल्यात कंडेन्स्ड मिल्क आणि बटर घाला आणि गॅस अगदी मंद. मंद म्हणजे खरोखर मंद, दुधाला साय यावी म्हणून ठेवतो ना तसा. सतत हलवत राहायचं, तळाला घासून, कारण कंडेन्स्ड मिल्क फार पटकन लागतं आणि एकदा लागलं की ते तपकिरी कण सगळीकडे फिरतात. बटर विरघळून गरम वाफ यायला लागली की गॅस बंद करा. उकळी नको. आता चॉकलेट घाला, मीठ घाला, आणि दोन मिनिटं हात लावू नका. ही दोन मिनिटं मुलांना फार जड जातात पण त्या उष्णतेवरच चॉकलेट वितळतं. मग सिलिकॉनच्या उलथण्याने मधून सुरुवात करून हळूहळू बाहेरच्या बाजूला ढवळत जा. पहिल्यांदा चट्ट्यापट्ट्याचं, विचित्र दिसतं, वाटतं बिघडलं, आणि मग एका क्षणी सगळं एकजीव होऊन चकचकीत होतं, उलथण्यावरून जाडसर पडदा पडतो आणि पातेल्याचं बूड एक सेकंदभर दिसतं. व्हॅनिला, अक्रोड, टिनमध्ये ओता, वरून सारखं करा. खोलीतच गार होऊ द्या आणि मग चार तास फ्रिजमध्ये. पंधरा मिनिटांचं काम आहे सगळं मिळून, थांबायचा वेळ सोडून.

मी वड्याच म्हणते त्याला. सासूबाई पहिल्या वर्षी शेजारी उभ्या राहून बघत होत्या आणि म्हणाल्या, अगं ही तर वडीच झाली की, त्यात काय. आणि खरंच आहे. ज्यांना नारळाची वडी येते त्यांना फज येतंच, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

माझं फजचं वेड मात्र लोणावळ्याचं. आम्ही लहान असताना पावसाळ्यात एकदा तरी लोणावळ्याची ट्रिप व्हायचीच, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजायचं, मक्याचं कणीस खायचं आणि परत निघताना बाबा चिक्की घ्यायचे आणि स्टेशनजवळच्या कूपर्समधून चॉकलेट वॉलनट फज, फक्त पाव किलो. चिक्की गाडीतच संपायची पण फज घरी आणायचं हा नियम होता. रात्री आई ते पाटावर घेऊन भाजीच्या सुरीने कापायची, सुपारीएवढे तुकडे, माणशी दोन. कागदाला तूपकट डाग पडलेला असायचा, मी तो कागद वास घ्यायला ठेवून द्यायचे वहीत. कडेचा तुकडा मिळावा म्हणून मी आणि दादा भांडायचो कारण कडेला थोडं कोरडं असायचं, दाताखाली आधी कुर्रर्र व्हायचं आणि मग आत मऊ. ती चव माझ्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की घरी करताना मी नकळत तिच्याशीच ताडून बघते.

आणि म्हणूनच मला कधीतरी वाटायला लागलं की सोपं फज छान आहे, पण ते जे दाताखाली आधी जरासं तुटतं आणि मग विरघळतं, ते याच्यात येत नाही. शोधायला लागले तेव्हा कळलं की मूळ फज म्हणजे साखरेच्या पाकाचंच काम. त्याची गोष्ट पण छान आहे. अमेरिकेत वासर नावाचं मुलींचं कॉलेज होतं (आता तिथे मुलंही असतात), तिथे एमेलिन हार्ट्रिज नावाच्या मुलीने १८८८ मध्ये कॉलेजच्या सीनियर ऑक्शनसाठी ३० पाउंड फज केलं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर! तिला ती कृती मैत्रिणीच्या बाल्टिमोरच्या नातेवाइकाकडून मिळाली होती, तिथे १८८६ मध्ये फज ४० सेंट पाउंड या भावाने विकलं जात होतं असं तिने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलंय. मग ते स्मिथ आणि वेलस्ली अशा मुलींच्या दुसऱ्या कॉलेजांतही पसरलं. मला हे वाचून फार आनंद झाला कारण मी चार वर्षं हॉस्टेलवर काढलीयत आणि रात्री अकरा वाजता खोलीत काहीतरी शिजवून वाटून खाण्यात काय सुख असतं ते मला माहितीये. आपल्याकडे कॉइलवर मॅगी, त्यांच्याकडे फज.

वासरची ती जुनी कृती म्हणजे दोन कप साखर, एक कप क्रीम, दोन औंस बिनसाखरेचं चॉकलेट आणि एक मोठा चमचा बटर. बस. साखर, क्रीम, चॉकलेट उकळायचं, ठरावीक पाक आला की उतरवायचं, बटर घालून गार होऊ द्यायचं आणि मग घोटायचं. पेढ्याचा खवा किंवा वडीचं सारण घोटतो तसंच.

ते करायचं म्हणून मी मुद्दाम पाकाचा थर्मामीटर आणला. इंटरनेटवर सगळीकडे एकच आकडा, ११४ डिग्री सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे त्यांच्या भाषेत सॉफ्ट बॉल. मी पातेल्याच्या कडेला थर्मामीटर अडकवून उभी. ११० झालं, १११ झालं. सासूबाई एका वाटीत गार पाणी घेऊन आल्या, चमच्याने दोन थेंब पाण्यात सोडले, बोटांनी पाण्यातच गोळा केले. मऊ गोळी झाली, बोटात धरली तर हळूच चपटी होत होती. म्हणाल्या, पाक झाला, उतरव. मी म्हटलं आई थांबा ना, अजून ११२च दाखवतोय, दोन डिग्री बाकी आहेत. त्या म्हणाल्या अगं गोळी झाली, आता पुढे जाईल. मी आकड्यावर विश्वास ठेवला. ११४ ला उतरवलं, पुढचं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, आणि घोटायला लागल्यावर तीनचार मिनिटांतच ते उलथण्याभोवती घट्ट झालं, टिनमध्ये थापेपर्यंत भगराळ, सुरी लावली की चुरा. चव चांगली होती, पण वडी पडेना. पाक पुढे गेला होता.

थर्मामीटर बिघडलाय असं वाटून मी दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी उकळून त्यात बुडवला. खळखळून उकळतंय आणि आकडा ९८ वर थांबलेला. मग डोक्यात प्रकाश पडला. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक डिग्रीने खाली येतो, म्हणजे आमच्याकडे पाणी उकळतंच ९८ ला. पाकाचं पण तसंच. पुस्तकातला ११४ समुद्रकाठच्या माणसासाठी, मुंबईला चालेल, अलिबागला चालेल, पुण्यात तो ११२ होतो. म्हणजे सासूबाईंनी उतरव म्हटलं तेव्हा अगदी बरोबर जागेवर होता पाक. वाटीतल्या गोळीला उंची कळत नाही, तिला फक्त साखरेत पाणी किती उरलंय तेवढंच कळतं, आणि खरं मोजायचं असतं ते तेच. मी त्यांना हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या आई वाईला असताना पण वाटीतच बघायच्या आणि त्यांनी मुंबईत बिऱ्हाड केल्यावर पण वाटीतच. त्यानंतर मी दोन्ही करते, थर्मामीटर लावते आणि वाटी पण जवळ ठेवते, आणि दोघांचं पटलं नाही तर वाटीचं ऐकते. तुमच्याकडे थर्मामीटर असेल तर आधी एकदा पाणी उकळून बघा, जेवढं शंभराच्या खाली दाखवेल तेवढं पुस्तकातल्या आकड्यातून वजा करा.

पाकाच्या फजमधली दुसरी मेख म्हणजे घाई. गरम असताना ढवळलं की साखर परतते, मोठे दाणे होतात, जिभेला रवाळ लागतं. पाक गॅसवरून उतरवला की पातेलं हलवायचं सुद्धा नाही, तळहाताला कोमट लागेल इतकं, ४५ डिग्रीच्या आसपास येईपर्यंत थांबायचं, आणि मग घोटायचं, सलग. तेव्हा हजारो बारीक बारीक दाणे एकदम तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळत नाहीत, फक्त दाताला ती हलकी तूट जाणवते. चकाकी जाऊन रंग मंद झाला, उलथणं जड लागायला लागलं, की लगेच टिनमध्ये. तेव्हा फोन आला तरी घेऊ नका. आणि उकळताना कडेला साखरेचे कण चिकटले असतील तर ओल्या ब्रशने खाली उतरवा, किंवा दोन मिनिटं झाकण ठेवा म्हणजे वाफेने आपोआप धुतले जातात, कारण तो एक कण पाकात पडला तरी त्याच्याभोवती सगळी साखर गोळा होते. आपल्याकडे पाक परतू नये म्हणून लिंबाचे दोन थेंब पिळतात ना, ते इथेही चालतं, पण क्रीम असल्यामुळे फाटायची भीती, म्हणून मी एक चमचा लिक्विड ग्लुकोज घालते.

हे दोन्ही करून बघितल्यावर मला सोप्या फजबद्दल जास्तच आदर वाटायला लागला. लोक त्याला शॉर्टकट म्हणतात, मला ते पटत नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात दूध आटवायचं आणि साखर जिरवायची मेहनत आधीच झालेली असते, तीही इतक्या बारकाईने की दाणे लागत नाहीत. म्हणजे पाकाचं जोखमीचं काम कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलंय. इथे वडी धरून ठेवते ती साखर नाही तर चॉकलेटमधलं कोको बटर, जे गार झालं की घट्ट होतं आणि ३४ डिग्रीला, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या, वितळतं. म्हणूनच सोप्या फजमध्ये सगळा भार चॉकलेटवर आहे. तिथे कंजुषी केलीत तर दुसरं काहीच वाचवू शकत नाही.

दुसऱ्या वर्षी मी घाऊक दुकानातून कंपाउंड चॉकलेटची लादी आणली, अर्ध्या किमतीत मिळत होती आणि दिसायला तशीच. फज सुंदर सेट झालं, कापायला पण मस्त, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला, गरम चहा प्यायल्यावर गेला. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ती तोंडाच्या उष्णतेला नीट वितळत नाही. मुलांनी खाल्लं, पण लेक म्हणाली आई हे मागच्या वर्षीसारखं नाहीये. नव्हतंच. तेव्हापासून पाकिटामागचं वाचते, कोको बटर लिहिलेलं हवं आणि हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट नको. महागडं इम्पोर्टेड आणायची अजिबात गरज नाही, मी अमूलचं ५५ टक्केवालं डार्क वापरते. ७५ टक्केवालं घेतलं तर फज घट्ट आणि कडवट होतं, मोठ्यांना आवडतं, मुलं तोंड वाकडं करतात. मिल्क चॉकलेट घेऊ नका, कंडेन्स्ड मिल्कची साखर आहे, वर त्याची साखर, घशाशी येतं, आणि सेट पण मऊ होतं.

मीठ विसरू नका. मला मीठ घातलेलं आणि न घातलेलं शेजारी शेजारी ठेवून दिलंत तर मी डोळे मिटून सांगेन. बिनमिठाचं नुसतं गोड लागतं, मीठ पडलं की चॉकलेट चॉकलेटसारखं लागतं. बटर सॉल्टेड असेल तर चिमूटभरच घाला. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून कंडेन्स्ड मिल्कमध्येच घातली तर अजून छान, कॉफीची चव येत नाही पण कोकोची खोली वाढते.

अक्रोड भाजूनच. काश्मीरचा अक्रोड सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये उतरतो, त्यामुळे डिसेंबरात बाजारात नवा माल असतो, जुना खवट असतो तो एक पाकीटभर फज वाया घालवतो, म्हणून विकत घेताना एक चावून बघा. तव्यावर मंद आचेवर सहासात मिनिटं, मग गरम असतानाच पंच्यात घेऊन चोळायचे, निम्मी सालं निघून जातात आणि तो तुरट कडूपणा जातो. हे काम मी मुलांनाच देते. या वर्षी भाचा पण आहे राहायला, दोघांनी पंच्याची दोन टोकं धरून असं काही चोळलं की निम्मी सालं फॅनने हॉलभर.

बिघडलं तर काय हे पण सांगते कारण फोन त्याचेच जास्त येतात. जास्त तापलं तर चॉकलेटमधून तूप सुटतं, कडेला तेलकट तळं दिसतं आणि मधलं दाणेदार होतं. फेकू नका. एक चमचा कोमट दूध घाला आणि जोरात ढवळा, नाही जमलं तर अजून एक, बहुतेक वेळा परत एकजीव होतं. चॉकलेट वेगळं वितळवत असाल तर त्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, एका थेंबाने ते आखडून गोळा होतं, माझं एकदा झालंय ओल्या चमच्याने. म्हणूनच मी वेगळं वितळवायच्या भानगडीत पडत नाही. आणि सेट झालंच नाही, चिकट राहिलं, तर चॉकलेट कमी पडलंय, त्याच्या छोट्या गोळ्या वळा आणि कोको पावडरमध्ये घोळवा. ब्राझीलमध्ये कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि बटर आटवून असेच गोळे करतात, ब्रिगेडेरो म्हणतात, १९४५ च्या निवडणुकीला उभे असलेल्या ब्रिगेडियर एदुआर्दो गोमिस यांच्यावरून ते नाव पडलं. तिकडे कुठलाही वाढदिवस त्यांच्याशिवाय होत नाही.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, एकदाच खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. प्रत्येक कापाला पुसायची. कंटाळवाणं आहे पण कडा आरशासारख्या येतात. पाऊण इंचाचे चौकोन केले की एका टिनमधून शंभराच्या आसपास होतात, थोडे मोठे केले तर चौसष्ट. हवाबंद डब्यात, दोन थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतं. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, फ्रिजमधलं थेट तोंडात टाकलं तर चव बंद असते.

काल दोन टिन झाले. एक पाकाचं, ११२ वर उतरवलेलं, त्याची गोळी सासूबाईंनी बघितली. एक सोपं, ते सगळं लेकीने ढवळलं, मी फक्त गॅस बंद केला. आंटींच्या डब्यात दोन्ही भरले, कडेचे तुकडे मात्र दादासाठी वेगळे काढलेत, तो ३१ ला येतोय.

आणि हो, पातेलं लगेच घासायला टाकू नका. त्याला जे लागून राहिलेलं असतं त्यात दोन कप दूध ओता, परत गॅसवर ठेवा, कडा खरवडून ढवळा आणि उकळी आली की कपांत गाळून घ्या. काल रात्री चांगलीच थंडी होती, आम्ही पाचजण किचनच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्याच प्यायलो.